नाव तेच, गाव निराळे : यूमेन शहराची कहाणी



या व्याख्यानमालेत आजवर भाषेचे, इतिहासाचे, संतसाहित्याचे मोठे अभ्यासक बोलून गेले. मी पेशाने होमिओपॅथ. इतिहास शिकवलेला नाही, शिकलोही शाळेपुरताच. पण नकाशे आणि गॅझेटिअर वाचण्याचा नाद मला कॉलेजच्या दिवसांपासून आहे. संध्याकाळची ओपीडी संपली की तासभर मी कुठल्या तरी लांबच्या मुलखात असतो. तेव्हा आज डॉक्टर औषधांवर बोलणार अशा अपेक्षेने कुणी आले असेल, तर त्यांची निराशा होणार आहे. मी चीनच्या पश्चिम टोकाकडच्या एका लहान शहराविषयी बोलणार आहे. त्याचे नाव यूमेन.

बेळगावात बसून चीनमधल्या शहराची चौकशी कशासाठी, असे कुणी विचारेल. त्याचे उत्तर माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत आहे. वयस्कर पेशंट येतात तेव्हा जुन्या फाइली घेऊन येतात. एखाद्या आजींच्या शाळेच्या दाखल्यावर ‘इलाखा मुंबई’ असते. लग्नानंतरच्या कागदावर ‘मुंबई राज्य’. यजमानांच्या नोकरीच्या कागदावर ‘म्हैसूर राज्य’, पेन्शनच्या पुस्तकावर ‘कर्नाटक’, आणि आधार कार्डावर गावाचे नावच बदललेले, ‘बेळगावी’. १९५६, १९७३, २०१४ ही सालं आपल्याला कुणी पाठ करून घ्यावी लागत नाहीत. आजी मात्र त्याच गल्लीत, त्याच घरात, त्याच आडाचे पाणी पीत राहिल्या. गाव जागचे हलले नाही, वरची पाटी बदलत गेली.

यूमेनचे नेमके उलटे आहे. तिथे पाटी दोन हजार वर्षे तीच आहे, आणि गाव हलत गेले आहे. हे वाचले तेव्हा मला वाटले की आपल्या अनुभवाची ही दुसरी बाजू आपल्या लोकांपुढे मांडावी.

आधी हे ठिकाण कुठे आहे ते पाहू. चीनच्या वायव्येला गान्सू नावाचा प्रांत आहे. नकाशावर तो एखाद्या हाडासारखा दिसतो, दोन्ही टोकांना फुगलेला आणि मधे अरुंद. पीत नदीच्या पश्चिमेला या प्रांताची सुमारे हजार किलोमीटर लांबीची एक पट्टी वायव्येकडे जाते. तिला ‘हेशी’ म्हणतात, म्हणजे नदीच्या पश्चिमेचा मुलूख. दक्षिणेला चीलियन पर्वताच्या बर्फाच्छादित रांगा, उत्तरेला उघडे, करपलेले डोंगर आणि गोबीचे वाळवंट. मधल्या चिंचोळ्या पट्टीतून चीनहून मध्य आशियाकडे जाणारा रस्ता जातो. रेशीम याच वाटेने गेले, बौद्ध धर्म याच वाटेने आला. या पट्टीच्या पश्चिम भागात यूमेन आहे.

इथे वर्षाकाठी सरासरी साठ-पासष्ट मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैतल्या एका मुसळधार दिवसात एवढा पडून जातो. मग माणसे जगतात कशावर? चीलियनच्या बर्फावर. उन्हाळ्यात बर्फ वितळते, डोंगरात पाऊस होतो, आणि ते पाणी नद्यांनी खाली येते. यूमेनची नदी शूले. नाव ऐकून आपल्याला पोटशूळ आठवेल, पण त्या मुलखाचा जीव तिच्यावर आहे. चीनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे समुद्राला जातात. शूले डोंगरातून छांगमा नावाच्या घळीतून बाहेर पडते आणि पश्चिमेला वळून वाळवंटाकडे जाते. घळीबाहेर पडल्यावर तिने हजारो वर्षे गाळ आणि गोटे पसरून एक प्रचंड पंखा तयार केला आहे. पंख्याच्या वरच्या भागात पाणी जमिनीत मुरते, आणि खालच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येते. शेती, झाडे आणि वस्ती या खालच्या कडेला. हा पंखा लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिथेच यायचे आहे.

आता आकार. यूमेन ‘शहरा’चे क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्या अख्ख्या बेळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळही जवळपास तेवढेच. पण २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात ४७ लाखांहून अधिक माणसे होती, आणि यूमेनमध्ये दीड लाखसुद्धा नाहीत. ज्या जिउछुआन नावाच्या मोठ्या प्रशासकीय विभागात यूमेन येते, तो जवळजवळ कर्नाटक राज्याएवढा आहे. त्याची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी पुढे.

एका जिल्ह्याएवढ्या मुलखाला शहर कसे म्हणायचे? चीनमध्ये ‘शी’ हा शब्द आपल्या ‘शहर’ या शब्दासारखा नाही. तो प्रशासनातला दर्जा आहे. आपल्याकडे राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड आहे. तिकडे प्रांत, त्याखाली विभागाच्या दर्जाचे शहर, त्याखाली परगण्याच्या दर्जाचे शहर किंवा परगणा, त्याखाली कसबे आणि खेडी. म्हणजे शहराच्या पोटात शहर असते, आणि त्याच्या पोटात खेडी, शेते, डोंगर आणि मैलोन् मैल वाळवंट. यूमेन हे जिउछुआन शहराखालचे परगण्याच्या दर्जाचे शहर. २००२ पर्यंत जिउछुआनला नुसता ‘विभाग’ म्हणत, त्या वर्षी त्याचेही ‘शहर’ झाले. जमीन तीच, गुरे तीच, दर्जा मात्र वाढला. कागदावर नगरपालिकेची महानगरपालिका झाली की काय बदलते आणि काय बदलत नाही, हे आपल्याला सांगायला नको.

आता नावाकडे वळू. ‘यू’ म्हणजे जेड हा मौल्यवान दगड आणि ‘मेन’ म्हणजे दरवाजा. पश्चिमेच्या खोतान भागातून जेड चीनमध्ये येत असे, त्या वाटेवरचा हा दरवाजा. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हान घराण्याच्या सम्राट वू याने भटक्या श्योंगनू टोळ्यांना हटवून हेशी पट्टी ताब्यात घेतली. तिथे वूवेइ, चांगये, जिउछुआन आणि दुन्हुआंग असे चार सुभे केले. सर्वांत पश्चिमेच्या दुन्हुआंगच्या पलीकडे, वाळवंटाच्या तोंडावर दोन नाकी बांधली. त्यांतले एक यूमेन. येणाऱ्याजाणाऱ्याची तपासणी, परवाने, जकात आणि शत्रूवर नजर, ही सगळी कामे तिथे चालत. हा हान साम्राज्याचा उंबरठा. पान छाओ नावाच्या सेनानीने तीस वर्षे या दरवाजापलीकडच्या मुलखात काढली. म्हातारपणी त्याने बादशहाला अर्ज केला, त्याची मागणी एवढीच होती की जिवंतपणी यूमेनच्या आत पाऊल ठेवू द्यावे. इ.स. १०२ मध्ये तो परतला आणि त्याच वर्षी गेला.

या नाक्याची जागा पुढे लोक विसरले. ती पुन्हा ओळखण्याचे श्रेय बरेचसे ऑरेल स्टाइन यांना जाते. स्टाइन हे हिंदुस्थान सरकारच्या नोकरीतले. १९०७ मध्ये त्यांनी दुन्हुआंगच्या पश्चिमेला बोरू आणि खडीचे थर रचून बांधलेली हानकालीन भिंत शोधली. तिथल्या एका चौकोनी मातीच्या गढीजवळ त्यांना लाकडी पट्ट्यांवर लिहिलेले सरकारी कागद सापडले, त्यांत यूमेनच्या लष्करी अंमलदाराचे उल्लेख होते. त्यांनी मध्य आशियातून आणलेल्या वस्तूंचा मोठा वाटा आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आता या कहाणीतला पहिला पेच. ही गढी आजच्या यूमेन शहराच्या हद्दीत नाही. ती दुन्हुआंग शहराच्या हद्दीत आहे. ‘जेडचा दरवाजा’ पाहायचा म्हणून कुणी यूमेनच्या रेल्वे स्टेशनवर उतरला, तर त्याला पश्चिमेला आणखी तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागेल. मग नाव इकडे कसे आले? हान काळातच जिउछुआन सुभ्याखाली यूमेन नावाचा एक परगणा होता. हानांच्या इतिहासग्रंथावरच्या जुन्या टीकेत त्याचे कारण दिले आहे : नाक्यावरची ठाणेवस्ती मोडली आणि तिथली माणसे इथे आणून वसवली, म्हणून या परगण्याला यूमेन म्हणू लागले. म्हणजे माणसांनी सामानाबरोबर गावाचे नावही उचलून आणले. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघालेल्या कुटुंबांनी कुलदेवता बरोबर नेल्या, आडनावात मूळ गाव जपले. माणूस हलतो तेव्हा नेण्याजोगे फार थोडे असते, आणि नाव हे सर्वांत हलके ओझे.

दुसरा पेच लगेच त्यामागे येतो. थांग घराण्याच्या काळात यूमेनचे नाकेही जुन्या जागेवर राहिले नाही. ते पूर्वेला सरकले, आजच्या ग्वाचौ परगण्यात, शूले नदीच्या काठी. आणि या दुसऱ्या दरवाजाशी आपला, म्हणजे मराठी माणसाचा, खराखुरा संबंध आहे. इ.स. ६२९ च्या सुमारास एक तरुण भिक्षू ग्वाचौला येऊन अडकला. बादशहाचा हुकूम होता की परवानगीशिवाय कुणी सीमेबाहेर जायचे नाही. त्याला पकडण्याचे पत्रही येऊन पोहोचले होते. तिथल्या एका श्रद्धाळू अधिकाऱ्याने ते पत्र त्याच्यासमोर फाडून टाकले आणि लवकर निघून जा असे सांगितले. रात्रीच्या अंधारात, एका परदेशी वाटाड्याने झाडे तोडून केलेल्या साकवावरून भिक्षूने नदी ओलांडली, नाक्याला वळसा घातला, आणि पुढे एकट्याने वाळवंटात पाऊल टाकले. हा भिक्षू म्हणजे ह्युएन त्संग. पुढे तोच महाराष्ट्र देशात आला. आपल्या शेजारच्या बदामीच्या चालुक्य पुलकेशीचे राज्य त्याने पाहिले, इथल्या लोकांचा मानी स्वभाव लिहून ठेवला. ठिकठिकाणच्या निर्ग्रंथांची, म्हणजे आम्हा जैनांची, नोंदही त्याने केली. सातव्या शतकातल्या महाराष्ट्राविषयी बाहेरच्या माणसाने लिहिलेले एवढे मोलाचे टिपण दुसरे नाही. त्या रात्री नाक्यावरच्या पहाऱ्याने त्याला धरले असते तर ते टिपण आपल्याला मिळाले नसते.

तर हानांचे यूमेन आज दुन्हुआंगमध्ये, थांगांचे यूमेन ग्वाचौमध्ये, आणि यूमेन नावाच्या शहरात दोन्हीपैकी एकही नाही.

पुढची काही शतके मी भराभर सांगतो. ७२७ मध्ये तिबेटी सैन्याने ग्वाचौ लुटले. त्याच शतकात सगळी हेशी पट्टी तिबेटी अमलाखाली गेली. नवव्या शतकाच्या मध्यावर स्थानिक चिनी सरदारांनी ती परत घेतली. मग उइगूर, मग तांगूत लोकांचे पश्चिमी श्या राज्य, मग मंगोल. १३७२ मध्ये मिंग घराण्याच्या सेनापतीने यूमेनच्या पूर्वेला जियायूग्वानचा किल्ला बांधला, आणि साम्राज्याची वेस तिथे ठरली. यूमेनचा मुलूख वेशीबाहेर पडला. तिथे छिजिन या ठिकाणी मंगोल सरदारांकडे एक ठाणे दिलेले होते. तुर्फानच्या सुलतानांचा जोर वाढला तशी सोळाव्या शतकात तीही वस्ती उठली आणि लोक किल्ल्याच्या आत आले. शेते ओसाड झाली, कालवे वाळूने भरले. वेशीच्या आतले आणि बाहेरचे हा फरक एका रेघेने केला, पण त्यामुळे कुणाची शेते गेली ते त्या रेघेवर लिहिलेले नसते.

अठराव्या शतकात छिंग बादशहांनी पुन्हा पश्चिमेकडे चाल केली. १७१८ च्या सुमारास शूलेच्या पंख्याच्या कडेला चिंगनी नावाचे लष्करी ठाणे झाले, छिजिनलाही ठाणे झाले. शिपाई आणि शेतकरी आणून जमीन पुन्हा लागवडीखाली आणली. पुढे पश्चिमेची मोठी मोहीम संपली, ठाण्यांची गरज कमी झाली, आणि १७५९ मध्ये चिंगनी आणि छिजिन ही दोन ठाणी एकत्र करून मुलकी परगणा बनवला. त्याला नाव द्यायचे होते. हजारेक वर्षांपूर्वी या भागात यूमेन परगणा होता हे कारकुनांना जुन्या पोथ्यांतून ठाऊक होते. तेच नाव ठेवले. चिंगनीचे गाव यूमेन परगण्याचे मुख्य ठिकाण झाले. आज त्याला यूमेनचन, म्हणजे यूमेन कसबा म्हणतात.

इथवर पाण्याची गोष्ट होती. आता तेलाची.

यूमेनच्या दक्षिणेकडच्या डोंगरात जमिनीतून काळा, चिकट, जळणारा पदार्थ झिरपतो हे चिनी लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. तिसऱ्या शतकातल्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, लोक तो गाड्यांच्या आसांना लावत. इ.स. ५७८ मध्ये तुर्कांनी जिउछुआनला वेढा घातला तेव्हा हेच तेल पेटवून त्यांची वेढ्याची लाकडी यंत्रे जाळली. पाणी टाकले तर आग आणखी भडके, असे जुन्या भूगोलग्रंथात नोंदले आहे. पण ही सगळी किरकोळ वापराची गोष्ट.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. बंदरे हातची गेली, बाहेरून पेट्रोल येणे अवघड झाले. १९३८ च्या थंडीत सुन च्येनछू नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ उंटांवर सामान लादून या डोंगरात आला. सोने गाळणाऱ्या लोकांनी तिथे ओढ्याकाठी एक लहानसे देऊळ बांधलेले होते, लाओच्युन्म्याओ, म्हणजे लाओत्सेचे देऊळ. त्या देवळाजवळ १९३९ मध्ये पहिली विहीर खणली. खोदाईचे यंत्र कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या उत्तर शेन्सीमधून आणावे लागले. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन पक्षांनी तेवढ्यापुरते हात मिळवले. ऑगस्टमध्ये सव्वाशे मीटरच्या आत तेल लागले. समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर, जिथे गहू पिकत नाही आणि हिवाळा हाडे गोठवतो, तिथे पाहता पाहता वसाहत उभी राहिली.

१९४९ मध्ये सत्ता बदलली. नव्या राज्याला तेल हवे होते, आणि देशात नाव घेण्याजोगे तेलक्षेत्र हे एकच होते. १९५५ मध्ये या डोंगरावरच्या वसाहतीला शहराचा दर्जा मिळाला आणि नाव दिले यूमेन शहर. खाली पंख्याच्या कडेला जुना यूमेन परगणा तसाच होता. म्हणजे काही काळ एकाच नावाची दोन प्रशासने शेजारी शेजारी होती, वर तेलाचे यूमेन, खाली गव्हाचे यूमेन. १९५८ मध्ये परगणा रद्द करून तो शहरात विलीन केला. दोनशे वर्षे ज्या गावात कचेरी होती ते एका रात्रीत कसबा झाले, आणि सरकार डोंगरावर चढले.

१९५९ मध्ये या क्षेत्रातून सुमारे १४ लाख टन तेल निघाले, म्हणजे त्या वर्षीच्या चीनच्या एकूण कच्च्या तेलाचा निम्मा वाटा. पण त्याच वर्षी सप्टेंबरात ईशान्येला, हजारो किलोमीटर दूर, ताछिंगचे अफाट तेलक्षेत्र सापडले. यूमेनचे अभियंते, खोदाईच्या तुकड्या, यंत्रे, सगळी तिकडे पाठवण्यात आली. वांग चिन्शी या कामगाराचे नाव पुढे सगळ्या चीनमध्ये ‘पोलादी माणूस’ म्हणून शाळेच्या पुस्तकांत गेले. त्याचा जन्म छिजिनचा, आणि खोदाईचे काम तो यूमेनला शिकला. चीनमध्ये जिथे जिथे नवे तेल निघाले तिथे यूमेनची माणसे गेली. आईने लेकरांना वाढवावे आणि स्वतः झिजत जावे, तसे या शहराचे झाले.

ही झीज सावकाश झाली. शतक संपता संपता वर्षाचे उत्पादन चार लाख टनांच्या आसपास उतरले. तेल कंपनीने आपले कार्यालय आणि कामगारांची घरे खाली जिउछुआनला हलवली. मग २००३ मध्ये शहराचे सरकारही उठले आणि सुमारे ७० किलोमीटर दूर यूमेनचनला गेले. ज्या गावावरून १९५८ मध्ये कचेरी हलली होती, तिथेच ती ४५ वर्षांनी परतली. त्याला आता यूमेनचे ‘नवे शहर’ म्हणतात, आणि डोंगरावरच्या वस्तीला ‘जुने’. वास्तविक नवे शहर जुन्याहून दोन शतकांनी थोरले आहे. २००९ मध्ये केंद्र सरकारने यूमेनला ‘साधनसंपत्ती संपत आलेल्या’ शहरांच्या यादीत घातले.

इथे मला डॉक्टर म्हणून थोडे थांबायचे आहे. एकेकाळी डोंगरावरच्या शहरात लाखाहून अधिक माणसे राहत होती. कंपनी आणि सरकार गेल्यावर काही वर्षांत त्यांतली बहुतेक गेली. चाळी, इमारती, नाट्यगृह, दुकाने बंद पडली, घरांच्या किमती कोसळल्या. राहिले कोण? निवृत्त कामगार, खाली घर घेण्याची ऐपत नसलेले, लहान दुकानदार, आणि कंपनीच्या पटावर कधी नसलेले रोजंदार. सरकारी कागदावर हे स्थलांतर यशस्वी आहे, आणि ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. २,३०० मीटर उंचीवर, शेती नाही, पाणी तुटपुंजे, तेल आटलेले, तिथे शहर ठेवण्यात अर्थ नव्हता. पण एखाद्या गावातून कचेरी जाते तेव्हा ती एकटी जात नाही. कचेरीमागे बँक जाते, मग चांगले मास्तर, मग तज्ज्ञ डॉक्टर, मग औषधाचे दुकान. तरुण मुलांना घेऊन आईबाप जातात, आणि आजी-आजोबा मागे राहतात. ज्यांना डॉक्टरची सर्वांत जास्त गरज, तेच डॉक्टर नसलेल्या गावात उरतात. आपल्याकडे गिरणी किंवा साखर कारखाना बंद पडलेल्या गावांत, धरणाखाली गेलेल्या गावांच्या उरलेल्या वाड्यांत हाच क्रम दिसतो. आमच्या शास्त्रात पेशंटला तपासताना नुसता आजार विचारत नाहीत, त्याच्याबरोबर काय काय सुटत गेले तेही विचारतात. गावालाही ते विचारायला हवे.

आता पुन्हा शूलेच्या पंख्याकडे येऊ. सरकार जिथे परतले ते ठिकाण पाण्याचे आहे. शूलेवर छांगमाच्या घळीजवळ अलीकडे धरण झाले, कालवे झाले. १९९० च्या दशकापासून गान्सूच्या मध्यभागातल्या दुष्काळी, डोंगराळ भागांतून हजारो शेतकरी कुटुंबे इथे आणून वसवली. त्यांत हुई आणि दोंगश्यांग या मुस्लिम समाजांची माणसेही आहेत. यूमेनमध्ये दोंगश्यांग लोकांचे दोन वेगळे ग्रामविभाग केलेले आहेत. हान काळात नाक्यावरून माणसे आणून वसवली, छिंग काळात शिपाई आणि शेतकरी आणले, परवा दुष्काळग्रस्त आणले. या मुलखात ‘मूळचे’ कोण असे विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. आणि ज्या वाऱ्याला पूर्वी शाप समजत, त्या वाऱ्यावर आता पवनचक्क्या फिरतात. जिउछुआन विभागात देशातला एक प्रचंड पवनऊर्जा प्रकल्प उभा आहे, त्याचा मोठा भाग यूमेनच्या माळावर आहे. २०२१ मध्ये उपग्रहांच्या छायाचित्रांवरून अमेरिकन अभ्यासकांनी यूमेनजवळच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांसाठीची शंभराहून अधिक भुयारे शोधली, तेव्हा हे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. पाणी, दरवाजा, तेल, वारा, शस्त्रे. दर वेळी राजधानीत बसलेल्यांना या जागेची वेगळी गरज भासली, आणि प्रत्येक गरजेने कचेरी, हद्द आणि दर्जा बदलला.

यातून मी काय घेतो ते सांगून संपवतो.

नाव, हद्द आणि कचेरी या गोष्टी सरकारच्या हातातल्या आहेत. त्यांच्याविषयी भांडण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि आपल्या पिढ्यांनी तो बजावलाही आहे. पण गावाचा इतिहास त्यांत मावत नाही. यूमेनचा दोन हजार वर्षांचा हिशेब आज आपल्याला लागतो, तो नाव टिकले म्हणून नव्हे. तो लागतो कारण तिथे प्रत्येक काळात कुणी तरी लिहून ठेवले. चीनमध्ये परगण्यापरगण्याच्या बखरी लिहिण्याची फार जुनी परंपरा आहे. हद्दी, नद्या, कालवे, कर, देवळे, शाळा, दुष्काळ, भूकंप, शिकलेली माणसे, सगळे त्यांत येते. १९४९ पूर्वीच्या अशा आठ हजारांहून अधिक बखरी आजही आहेत. १७३७ मध्ये जिउछुआन भागाची अशी बखर झाली, तीत चिंगनी आणि छिजिन ही धुळीने माखलेली ठाणीसुद्धा स्वतंत्र प्रकरणांत आहेत. त्यांत गावातल्या शिकलेल्या मंडळींचा हात असे, आणि आपण लिहिले नाही तर कुणी लिहिणार नाही याची त्यांना जाणीव होती.

आपल्याकडे १८८४ मध्ये बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. ते उत्तम आहे, मी अजूनही चाळतो. पण ते इंग्रज सरकारने आपल्या कामासाठी केले. त्यानंतरच्या एकशे चाळीस वर्षांचे काय? आपल्या गल्ल्या कुणी वसवल्या, कुठले कुटुंब कोणत्या दुष्काळात की प्लेगच्या साथीत इकडे आले, कोणता आड कधी बुजला, कोणती शाळा कुणाच्या देणगीवर उभी राहिली, कोणत्या गल्लीत मराठी, कानडी आणि उर्दू एकाच ओट्यावर बोलली जात, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे माझ्याकडे गुडघे दाखवायला येतात. बोलता बोलता सांगतात. केसपेपरवर मी लक्षणे लिहितो, बाकीचे हवेत जाते.

म्हणून या संस्थेपुढे माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक गल्लीसाठी, प्रत्येक जुन्या गावासाठी एक वही करावी. पहिल्या पानावर त्या जागेची आजवरची सगळी नावे, ज्या भाषेत जशी होती तशी. दुसऱ्यावर पाणी, म्हणजे नदी, ओढा, आड, तलाव. मग कोण कुठून आले, कोण कुठे गेले, आणि का गेले. शेवटी आज तिथे कोण राहिले आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद इथल्या आपल्या भगिनीसंस्थांनाही हे करता येईल, त्यांच्याकडेही तीन-चार पिढ्यांची घरे आहेत. पहिली वही मी माझ्या गल्लीची लिहायला घेतली आहे. त्यासाठी मला कुणाकडे जुने उतारे, दाखले, लग्नपत्रिका, भाडेपावत्या असतील तर त्या पाहायला मिळाव्यात. कागद जागच्या जागी परत मिळतील.